कॅमेऱ्याचा फ्लॅश नवख्यांनी कसा वापरावा: देवघरातल्या निरांजनापासून लग्नाच्या मांडवापर्यंत

मावसबहिणीच्या लग्नात माझ्या गळ्यात नवाकोरा कॅमेरा होता. कार्यालय झगमगत होतं. झुंबरं, दिव्यांच्या माळा, स्टेजवर झेंडू आणि शेवंतीची सजावट. मी दिवसभर फोटो काढले आणि रात्री घरी येऊन लॅपटॉपवर उघडले. बहिणीचा चेहरा चुना फासल्यासारखा पांढरा, नाक-कपाळ चकाकतंय, आणि मागे काळाकुट्ट अंधार. तीनशे माणसं, ती सगळी रोषणाई, काही म्हणता काही दिसत नव्हतं. मावशीने फोटो पाहिले आणि काही न बोलता लॅपटॉप मिटला. ते मला फार लागलं.

नंतर दोन वर्षं घरातल्या बारशांत, मुंजीत, गणपतीत मी फक्त फ्लॅश शिकत होते. जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुमच्या घरातला पुढचा समारंभ यायच्या आत एवढं करून ठेवा.

काय काय जवळ हवं

- कॅमेरा, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आणि कंपनीच्या साइटवरून उतरवून घेतलेलं मॅन्युअल. त्यातलं फ्लॅशचं प्रकरण दहा-बारा पानांचंच असतं. मोबाईलमध्ये ठेवा.
- वेगळा फ्लॅश असेल तर पेन्सिल सेलचे दोन संच, म्हणजे आठ सेल. निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल घ्या. साधे सेल लवकर दमतात.
- सेल ठेवायला प्लास्टिकची डबी. खिशात चिल्लर किंवा किल्ल्यांबरोबर सुटे सेल टाकू नका. धातू लागून शॉर्ट होतात आणि तापतात.
- पोस्टकार्डाएवढा पांढरा जाड कागद आणि दोन रबरबँड.
- नारंगी जेलचा, म्हणजे रंगीत पारदर्शक प्लास्टिकचा, एक तुकडा. हा नंतर घेतला तरी चालेल.

## १. फोटोत दोन उजेड असतात, हे आधी पक्कं करा

माझ्या डोक्यात फ्लॅश म्हणजे 'अंधार असेल तर लावायचा दिवा' एवढंच होतं. सगळी गफलत तिथे होती. फ्लॅश लावून काढलेल्या प्रत्येक फोटोत दोन उजेड एकत्र येतात. एक खोलीतला, तो सतत चालू असतो. दुसरा फ्लॅशचा. तो पूर्ण ताकदीने पडला तरी साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात विझतो, आणि कमी ताकदीवर त्याहूनही लवकर.

आता शटर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर उजेड येऊ देणारा पडदा, सेकंदाच्या २००व्या भागाइतका वेळ उघडं असो की १५व्या, फ्लॅशचा लखलखाट दोन्हीत सारखाच मावतो. खोलीतला उजेड मात्र शटर जितका वेळ उघडं तितका साठत जातो. म्हणून हे चार नियम. मी ते वहीत लिहून ठेवले होते:

- शटर स्पीड: फक्त खोलीतला उजेड कमी-जास्त होतो.
- फ्लॅशची ताकद: फक्त फ्लॅशचा उजेड कमी-जास्त होतो.
- ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; एफ/४, एफ/११ असं लिहितात, आकडा मोठा तितकं छिद्र लहान): दोन्ही.
- आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो त्याचा आकडा): दोन्ही.

लग्नातल्या माझ्या फोटोंचं काय झालं होतं ते यावरून कळतं. आयएसओ १०० आणि शटर १/२००. एवढ्याशा वेळात झुंबरांचा उजेड सेन्सरपर्यंत पुरेसा पोचलाच नाही. जे काही दिसलं ते फ्लॅशमुळे, आणि फ्लॅश फक्त समोरच्या माणसापर्यंत पोचला.

## २. बटणं आणि चिन्हं ओळखा

ऑटोमध्ये कॅमेरा स्वतः ठरवतो आणि तुमच्या हातात फारसं काही ठेवत नाही. डायल पी (शटर-ॲपर्चर कॅमेरा निवडतो), ए (ॲपर्चर तुम्ही, शटर कॅमेरा; कॅननवर एव्ही) किंवा एमवर (दोन्ही तुम्ही) आणा. कॅमेऱ्यातला फ्लॅश उघडायचं बटण विजेच्या चिन्हाचं असतं. मेन्यूत गेलं किंवा ते बटण दाबून धरून चाक फिरवलं की हे पर्याय दिसतात:

नुसती वीज: फ्लॅश दर वेळी पडणार.

वीज आणि डोळा: लाल डोळे टाळण्याची सोय. याबद्दल पुढे लिहिलं आहे.

वीज आणि 'स्लो': शटर मुद्दाम जास्त वेळ उघडं राहतं, म्हणजे मागचा उजेडही येतो.

'रिअर' किंवा दुसरा पडदा: फ्लॅश शटर उघडल्या उघडल्या न पडता मिटायच्या अगदी आधी पडतो. फुगडी घालणाऱ्या बायका किंवा हातातली फुलबाजी काढताना हा लावा. उजेडाची रेघ हालचालीच्या मागे राहते. एरवी ती पुढे आल्यासारखी विचित्र दिसते.

इथे एक मोठा सापळा आहे आणि त्यात जवळजवळ सगळे अडकतात. निकॉनमध्ये ए मोडला फ्लॅश लावला तर शटर सहसा १/६०च्या खाली उतरत नाही, म्हणून मागे अंधार येतो. कॅननच्या एव्ही मोडमध्ये उलट. तो फ्लॅशला जोडीचा उजेड मानतो आणि अंधाऱ्या खोलीत शटर पाव-अर्धा सेकंदही उघडं ठेवतो, म्हणून फोटो हलतो. 'माझ्या कॅमेऱ्यात बिघाड आहे' असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांचा कॅमेरा ठणठणीत असतो. मी म्हणून घरात नेहमी एमच वापरते. शटर, ॲपर्चर, आयएसओ मी ठरवते आणि फ्लॅशची ताकद टीटीएलवर, म्हणजे कॅमेऱ्यावर सोडते. एम म्हटलं की नवखी मंडळी बिचकतात, पण फ्लॅशसाठी तोच सगळ्यात सरळ मार्ग आहे.

आयएसओ ऑटोवर ठेवू नका. तो फ्लॅश उघडल्यावर काय करेल ते प्रत्येक कॅमेऱ्यात वेगळं.

## ३. निरांजनाचा सराव: एक संध्याकाळ द्या

हा सराव वाचून सोडू नका, करा. मला सगळ्यात जास्त यातून कळलं.

दिवेलागणीला आईला खुर्चीवर बसवलं, माझ्यापासून दोन मीटरवर. तिच्या मागे तीन मीटरवर देव्हारा, त्यात निरांजन लावलेलं आणि वर पिवळा छोटा बल्ब. ट्यूबलाइट बंद. कॅमेरा एमवर, एफ/४, आयएसओ ४००, फ्लॅश उघडलेला. मग फक्त शटर बदलत गेले.

१/२००: आईचा चेहरा नीट, मागे काळोख. निरांजनाची ज्योत म्हणजे एक पिवळा ठिपका.

१/६०: देव्हाऱ्याची चौकट अंधुक दिसायला लागली.

१/१५: पितळी घंटा, बाळकृष्णाचा मुकुट, भिंतीवर पडलेला बल्बचा पिवळा झोत, सगळं आलं.

१/४: देवघर उजळलं, ज्योतीभोवती तिचं ते मऊ वलय दिसलं. पण आईने मान जराशी हलवली होती, तर गालाच्या कडेला पुसट सावली उमटली.

चारही फोटोंत तिच्या चेहऱ्यावरचा उजेड जवळपास सारखाच होता. चारही फोटो एकाखाली एक लावून पाहिले तेव्हा 'दोन उजेड' म्हणजे काय ते माझ्या डोळ्यांना पटलं. तोवर ते फक्त वाचलेलं होतं.

घरात हातात धरून काढायचं तर १/३० ते १/६० ठीक पडतं. माणसं स्थिर बसलेली असतील तर १/१५. त्याखाली जायचं असेल तर कोपर टेबलावर टेकवा.

मिररलेस (आत आरसा नसलेला, पडद्यावर पाहून फोटो घ्यायचा) कॅमेरा असेल तर एमवर १/२०० लावल्यावर पडदा काळाठिक्कर दिसू शकतो आणि फोकस कुठे आहे तेही कळत नाही. मेन्यूत पडद्यावर एक्स्पोजर जसंच्या तसं दाखवायची सोय असते, ती फ्लॅश वापरताना बंद करा. आणि शटर 'सायलेंट' किंवा इलेक्ट्रॉनिकवर असेल तर बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश पडतच नाही. 'फ्लॅश मेला' असं समजण्याआधी ते तपासा.

## ४. फ्लॅश किती लांब पोचतो, याचा हिशोब

फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने विरतो. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा उरतो. तिप्पट झालं की नववा.

कॅमेऱ्यात बसवलेल्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा, आयएसओ १००ला साधारण १० ते १२ मीटर असतो. त्याला ॲपर्चरच्या आकड्याने भागलं की पोच मिळते. १२ भागिले ४, म्हणजे एफ/४ला तीन मीटर. आयएसओ चौपट केला की पोच दुप्पट, म्हणून आयएसओ ४००ला सहा मीटर. एवढंच गणित, पण यातून तुमचे निम्मे प्रश्न सुटतात. नाट्यगृहात दहाव्या रांगेतून फ्लॅश मारणाऱ्याच्या फोटोत पुढच्या प्रेक्षकाची टक्कल तेवढी उजळते, रंगमंच नाही. वर नटांच्या डोळ्यांवर झोत जातो तो वेगळाच.

ग्रुप फोटोत हाच नियम घात करतो. पुढे सतरंजीवर मुलं, मध्ये खुर्चीवर आजी-आजोबा, मागे काका मंडळी उभी. तुम्ही दोन मीटरवर उभ्या आणि मागची रांग चार मीटरवर असेल तर काकांना मुलांच्या चौथ्या हिश्श्याचाच उजेड मिळतो. मुलं पांढरीफटक, काका सावळे. उपाय म्हणजे दोन मीटर मागे सरा. आता पुढची रांग चार मीटरवर, मागची सहावर, आणि फरक सव्वादोन पटीचाच. आयएसओ ८००, एफ/५.६ ठेवलं तर १२ नंबरचा फ्लॅश सहा मीटरपर्यंत पोचतो. माणसं एकमेकांजवळ दाटीने उभी केली तर आणखी बरं.

## ५. फ्लॅशची ताकद कमी करायला शिका

पूर्ण लेखातून एकच सेटिंग आजपासून वापरायचं असेल तर हे वापरा: फ्लॅश कॉम्पेन्सेशन. विजेच्या चिन्हाशेजारी अधिक-उणे. −१ म्हणजे निम्मी ताकद, +१ म्हणजे दुप्पट. निकॉनवर बहुधा −३ ते +१ असतं, कॅननवर −२ ते +२. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (पूर्ण फोटोचा उजेड कमी-जास्त करणारं) वेगळं. त्याच्या चिन्हात वीज नसते. दोन्हींची गल्लत करू नका.

घरात माझा फ्लॅश कायम −२/३ किंवा −१वर असतो. चेहऱ्यावर उजेड येतो, पण 'फ्लॅश मारलाय' असं ओरडून सांगत नाही.

टीटीएल काय करतं तेही समजून घ्या. खरा फ्लॅश पडण्याआधी कॅमेरा एक बारीकसा फ्लॅश टाकतो, परत आलेला उजेड मोजतो आणि त्यावरून ताकद ठरवतो. पण समोर काय आहे हे त्याला माहीत नसतं. भटजींचा पांढरा सदरा आणि मागे पांढरी भिंत असली की भरपूर उजेड परत येतो, कॅमेऱ्याला वाटतं पुरे झालं, आणि फोटो मळकट येतो. तिथे +२/३ किंवा +१ द्या. रात्री गच्चीवर मागे नुसतं आभाळ असलं की उलट. उजेड परतच येत नाही, कॅमेरा ताकद वाढवतो आणि चेहरे जळतात. तिथे −१. पैठणीचा जरीचा पदर समोरून आला की तो आरशासारखा उजेड परतवतो आणि बाकी सगळं काळवंडतं. अशा वेळी कॅननवर एफई लॉक, निकॉनवर एफव्ही लॉक असतो. चेहरा मध्यात धरून ते बटण दाबायचं. मोजणीचा फ्लॅश तेव्हाच पडून जातो, मग फ्रेम लावून फोटो घ्यायचा.

याचा एक फायदा मला उशिरा कळला. मोजणीच्या त्या बारीक फ्लॅशला ज्यांचे डोळे दर वेळी मिटतात, अशी प्रत्येक घरात एक-दोन माणसं असतात. आमच्याकडे माझी आत्या. लॉक दाबला, आत्याने डोळे मिचकावून घेतले, की मग सावकाश फोटो. आत्याचा उघड्या डोळ्यांचा पहिला फोटो तसा निघाला.

हे सेटिंग कॅमेरा बंद केला तरी बऱ्याचदा तसंच राहतं. काम झालं की शून्यावर आणा.

## ६. १/२००ची रेषा ओलांडू नका

शटरला दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडतो, दुसरा मागून येऊन झाकतो. फ्लॅशच्या क्षणी पूर्ण सेन्सर उघडा हवा. साध्या कॅमेऱ्यांत हे १/२००पर्यंत होतं, काहींत १/२५०. त्यापुढे पहिला पडदा पोचायच्या आत दुसरा निघालेला असतो आणि फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो.

कॅमेऱ्यातला फ्लॅश उघडा असेल तर कॅमेराच तुम्हाला बहुधा पुढे जाऊ देत नाही. पट्टा येतो तो स्वस्तातल्या मॅन्युअल फ्लॅशला किंवा ट्रिगरला (लांबून फ्लॅश पाडणाऱ्या यंत्राला), कारण फ्लॅश बसलाय हे कॅमेऱ्याला कळतच नाही. वेगळ्या महाग फ्लॅशमध्ये हाय-स्पीड सिंक असतो. तो एका झोताऐवजी भराभर लुकलुकत राहतो, पण ताकद बरीच घटते. शिकताना त्याच्या मागे लागू नका.

## ७. भर दुपारी फ्लॅश लावा

हे ऐकून लोक अजूनही माझ्याकडे पाहतात. पण फ्लॅशची खरी गरज मला घरापेक्षा उन्हातच जास्त वाटते.

दिवेघाटात बारा वाजता वारकरी काढून पाहा. सूर्य डोक्यावर, कपाळावर ऊन, आणि टोपीखाली, भुवयांखाली, मिशीखाली काळे डाग. डोळे दिसतच नाहीत, आणि त्या माणसाचं सगळं चालणं तर डोळ्यांत असतं. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या माऊलीचा चेहरा पूर्ण सावलीत जातो. फेटेवाल्यांचंही तेच.

सेटिंग: आयएसओ १००, शटर १/२००, एफ/११. कडक उन्हाला हे जवळपास बरोबर बसतं. फ्लॅश −१. आता चौथ्या मुद्द्यातलं गणित आठवा. १२ भागिले ११, म्हणजे पोच एका मीटरच्या आसपास. फ्लॅश निम्म्या ताकदीने पुरतो म्हणून दीड मीटरपर्यंत चालतं. म्हणजे उन्हात कॅमेऱ्यातला फ्लॅश वापरायचा तर माणसाच्या जवळ जावं लागतं. लांबून झूम लावून काही उपयोग नाही. जवळ जायचं तर आधी 'माऊली, फोटो काढू का?' विचारावं लागतं, आणि त्याने फोटोही चांगला येतो.

खिडकीसमोर किंवा दारात उभ्या माणसाचंही असंच. मागच्या उजेडासाठी शटर-ॲपर्चर लावा, चेहऱ्यासाठी फ्लॅश.

लेन्सवरचं हूड (ऊन अडवणारं पुढचं कडं) मात्र काढून ठेवा. कॅमेऱ्यातला फ्लॅश ठेंगणा असतो. लांब लेन्स किंवा हूड आडवं येतं आणि फोटोच्या तळाशी अर्धगोल काळी सावली पडते.

## ८. वेगळा फ्लॅश घेताना फसू नका

नव्या मिररलेस कॅमेऱ्यांपैकी अनेकांत फ्लॅश दिलेलाच नाही. निकॉन झेड५०मध्ये आहे, झेड३०मध्ये नाही. सोनी ए६४००मध्ये आहे, ए६७००मध्ये नाही. कॅमेरा घेतानाच पाहा. पण आतला असो वा नसो, फ्लॅश मनापासून शिकायचा तर डोकं फिरणारा वेगळा फ्लॅश घ्यावा लागतो. घेताना हे तपासा:

मधला पिन. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या कॅमेऱ्यांच्या हॉट शूमध्ये (फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेत) मधला संपर्क दिलेला नाही. साधे मॅन्युअल फ्लॅश आणि साधे ट्रिगर फक्त त्या मधल्या पिनवर चालतात, म्हणजे या कॅमेऱ्यांवर पडतच नाहीत. यांच्यासाठी कॅननचा टीटीएल समजणारा फ्लॅशच लागतो. आपल्याकडे हे कॅमेरे भरपूर विकले गेलेत, म्हणून हे ठळक सांगते आहे. दुकानात स्वतःचा कॅमेरा नेऊन फ्लॅश पाडून पाहा.

शेवटचं अक्षर. गोडॉक्ससारख्या कंपन्यांचा एकच टीटीएल फ्लॅश कॅननसाठी सी, निकॉनसाठी एन, सोनीसाठी एस असा वेगवेगळा येतो. खोक्यावरचं अक्षर वाचा. चुकीचं घेतलं तर टीटीएल चालणार नाही.

गाइड नंबर ६०. हा आकडा बहुधा फ्लॅशचं डोकं २०० एमएमवर झूम केलेलं असतानाचा असतो. खोलीत तुम्ही ३५-५०वर वापरणार, तिथे तो बराच कमी भरतो. तरीही कॅमेऱ्यातल्या फ्लॅशच्या कैक पट ताकद मिळतेच.

काकांचा जुना फ्लॅश. कपाटात सापडलेला रोलच्या जमान्यातला फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. त्यातल्या काहींच्या पायातून दोनशे-तीनशे व्होल्ट येतात आणि कॅमेऱ्याचं सर्किट जाऊ शकतं. आणि कुठलाही फ्लॅश घरी उघडू नका. आतला कपॅसिटर सेल काढल्यावरही चार्ज धरून असतो आणि जोरदार झटका देतो.

## ९. फ्लॅश छताकडे वळवा

हे पहिल्यांदा केलं तेव्हा मी एकाच खोलीत ऐंशी फोटो काढले असतील. फ्लॅशचं डोकं वर वळवलं, उजेड छताला लागून खाली आला आणि पूर्ण छतच दिवा झालं. भिंतीवरची काळी सावली गेली, कपाळावरची चकाकी गेली. साध्या स्लॅबच्या, पांढऱ्या छताच्या घरात याला तोड नाही.

उजेड छतापर्यंत जाऊन परत येतो, पसरतो, म्हणून दोन-तीन स्टॉप खर्च होतात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). आयएसओ ८००, एफ/४, १/६० पासून सुरू करा. डोकं सरळ वर न धरता थोडं पुढे किंवा बाजूला कलवा. सरळ वरून उजेड आला तर डोळ्यांच्या खाचा काळ्या दिसतात. त्यासाठी तो पोस्टकार्डाएवढा कागद. फ्लॅशच्या मागच्या बाजूने रबरबँडने उभा बांधा, दोन-तीन बोटं वर राहू द्या. थोडा उजेड सरळ पुढे जातो आणि डोळ्यांत चमक येते. मला सगळ्यात आवडतं ते फ्लॅश स्वतःच्या मागे, खांद्यावरून भिंतीकडे वळवणं. खिडकीतून आल्यासारखा उजेड पडतो.

छताचा आणि भिंतीचा रंग आधी पाहा. पोपटी डिस्टेंपर असलेल्या खोलीत भिंतीवरून उजेड आणला तर बाळाचं तोंड पोपटी होतं. मांडवाला भगवं-गुलाबी कापड असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. जुन्या वाड्यात लाकडी पाटई उजेड गिळून टाकते. मोठ्या कार्यालयात छत वीस फुटांवर असतं, तिथून काही परत येत नाही. अशा ठिकाणी जवळचा पांढरा खांब शोधा, नाहीतर फ्लॅश सरळ ठेवून −१ करा आणि शटर १/३०पर्यंत उतरवा.

फ्लॅशचा उजेड दिवसाच्या उजेडासारखा, साधारण ५५०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा). पिवळ्या बल्बचा ३०००च्या आसपास. म्हणून मागे सगळं केशरी आणि चेहरा निळसर असा फोटो येतो. फ्लॅशवर नारंगी जेल लावा आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं रंग जुळवायचं सेटिंग) बल्बवर ठेवा, दोन्ही उजेड जुळतात.

## १०. लाल डोळे, चष्मे, होमाचा धूर, पाऊस

अंधारात बुबुळाचं छिद्र मोठं झालेलं असतं. फ्लॅश लेन्सला चिकटून असला की उजेड सरळ आत जाऊन डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग घेऊन परत येतो. डोळ्याच्या चिन्हाचं सेटिंग आधी दिवा लावून छिद्र लहान करतं, पण त्यात जवळपास सेकंद जातो. लोकांना वाटतं फोटो झाला, ती हलतात. खोलीतले दिवे लावा आणि फ्लॅश छताकडे वळवा, डोळे लाल होतच नाहीत.

चष्म्यावर फ्लॅश दिसत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा, किंवा तुम्ही बाजूला सरका. मागे आरसा, फ्रेम केलेले फोटो, काचेचं कपाट असेल तर त्याला तिरकं उभं राहा.

होमाच्या धुरात सरळ फ्लॅश मारला की धूरच उजळतो, माणसं त्यामागे हरवतात. पावसातही असंच. सिंहगडावर पावसाळ्यात काढलेल्या फोटोंत जे पांढरे गोल दिसतात ते लेन्सजवळचे थेंब. धूर आणि पाऊस, दोन्हीकडे फ्लॅश बंद करून आयएसओ वाढवा.

## ११. लग्नाच्या दिवशी

फोटो काढला की फ्लॅशला परत भरायला वेळ लागतो. पूर्ण ताकदीने पडला असेल तर ताज्या सेलवर तीन सेकंद, दमलेल्या सेलवर सात-आठ. मावसबहिणीच्या लग्नात मी मंगलाष्टकं चालू असताना हौसेने फोटो काढत सुटले. 'शुभमंगल सावधान' झालं, वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट दूर झाला आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी बटण दाबलं. फ्लॅश भरत होता. तो क्षण माझ्याकडे नाही.

आता शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की मी हात थांबवते. त्याआधीच नवे सेल टाकलेले असतात, फ्लॅशचा दिवा तयार दाखवतोय हे पाहिलेलं असतं. आयएसओ ८००वर असतो, कारण २००च्या मानाने फ्लॅशला चौथा हिस्साच ताकद लागते, तो लवकर भरतो आणि लागोपाठ तीन-चार फोटो देतो. शटर १/८०, एफ/५.६. अक्षता पडायला लागल्या की एक पाऊल मागे जाते. लेन्सच्या पुढ्यातले तांदूळ फ्लॅशने पांढरे गोळे होतात, जोडप्याभोवतीचे मात्र हवेत थबकलेले दिसतात.

ताकदीने वीस-तीस फ्लॅश एका दमात मारू नका, डोकं तापतं. तापलेल्या डोक्याला जेल किंवा कागद चिकटू देऊ नका. आणि कुणाच्या अंगाला, साडीला टेकवून फ्लॅश पाडू नका, चटका बसतो.

## १२. फ्लॅश कुठे बंदच ठेवायचा

तान्ह्या बाळाच्या तोंडासमोर. बारशाला पाळण्यावरचा फोटो हवा असेल तर छतावरून उजेड आणा, नाहीतर खिडकीजवळ पाळणा घ्या. देवळाच्या गाभाऱ्यात, पुजाऱ्यांनी सांगितल्याशिवाय. मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडीकडे काजवे बघायला जाल तेव्हा, कारण काजव्यांचा सगळा संवाद त्या लुकलुकीवर चालतो आणि आपला झोत तो मोडतो.

आणि अजिंठ्याच्या लेण्यांत. तिथे फ्लॅशला मनाई आहे. त्या चित्रांवर शतकानुशतकांचा काळ आधीच बसला आहे, त्यात आपली भर नको. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. फ्लॅश बंद केला तरी अंधारात फोकस शोधायला कॅमेरा पुढचा छोटा दिवा लावतो, काही कॅमेरे तर फ्लॅशच लुकलुकवतात. मेन्यूत एएफ असिस्ट नावाचं सेटिंग असतं, तेही बंद करा. लेण्याच्या बाहेर सावलीत उभं राहून लेन्स हाताने झाका आणि एक फोटो काढून पाहा. कॅमेऱ्यातून कसलाच उजेड निघाला नाही याची खात्री झाली की मगच आत जा. आयएसओ ३२००, ॲपर्चर जितकं उघडेल तितकं, कोपर छातीशी घट्ट, आणि भिंतीला टेकू नका.